तिकोनी तुकडा

खराडीच्या आमच्या ऑफिसच्या गच्चीवर आज दुरुस्ती निघाली आहे. ओल्या सिमेंटचा वास आला आणि मला एका जागी उभं राहवेना.

इथल्या पहिल्या आयटी इमारती उठत होत्या, तेव्हा माझी आई त्यांच्या गच्च्यांवर फुटक्या फरशांचे तुकडे बसवायची. तिच्या मजुरीवर मी गणितात बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. निकालानंतर एके दिवशी पाच वाजता एका शिकवणीच्या क्लासमध्ये मला नमुन्याचा तास घ्यायचा होता. जमला तर नोकरी. दुपारी आईचा डबा घेऊन तिच्या कामाच्या गच्चीवर गेले, पण बसवेना. येरझाऱ्या घालत घोकत होते, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशेऐंशी अंश.

"अगं, पाय आवर, ओलं हाय तिथं! काय पुटपुटतीस?"

मी सांगितलं. तिने एक तिकोनी तुकडा घेतला, हातोडीने तिन्ही कोपरे उडवले आणि त्यांची टोकं एकत्र जुळवून कठड्यालगत ठेवले. बाहेरच्या कडा सरळ रेघेत आल्या.

"कसला बी तिकोनी घे, सरळच बसतंय. कडंला आमी हेच करतो."

मी आणखी पाच तुकडे फोडून पाहिले. दर वेळी तेच! मला हसू आवरेना.

संध्याकाळी वर्गात पुठ्ठ्याच्या त्रिकोणाचे कोपरे फाडून मी तेच दाखवलं. मुलं माना पुढे काढून बघत होती. क्लासचे सर खूश झाले. "कुठे शिकलात हे?"

"कॉलेजात," मी म्हणाले. तेव्हा मला ते अगदी शहाणपणाचं उत्तर वाटलं.

तिचेच कोपरे दाखवून नोकरी मिळाल्याचं घरी सांगितलं, तर आईचा पहिला प्रश्न, "माझं नाव सांगितलंस व्हय गं सरांना?"

"हो," मी म्हणाले.

ती लाजली आणि उगाचच पदराने तोंड पुसत राहिली.