कुंकू लावलेला पुतळा

नांदेडच्या न्यायालयात शिरस्तेदार म्हणून माझी हयात गेली. सही म्हणजे शपथ, हे मी घरातही शिकवले. त्या शिकवणीपायी माझ्या लेकीला गाडीवरून उतरवण्यात आले. कसे, ते येथे लिहून ठेवतो.

लेक अर्धापूरच्या रुग्णवाहिकेवर तंत्रज्ञ आहे. हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत त्याला दवाखान्यापर्यंत न्यायचे, हे तिचे काम. हातातली ही सवय मोडू नये म्हणून या कर्मचाऱ्यांना अधूनमधून लातूरच्या एका केंद्रात उजळणीला बोलावतात. मला पुढे देवणीला मेहुण्याकडे जायचे होते, म्हणून मी तिच्यासोबत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो.

दिवसभर पडद्यावर चित्रे दाखवण्यात आली. सरावाचा रबरी पुतळा मात्र काचेच्या कपाटात, आला तसा प्लास्टिकमध्ये पडून होता. प्लास्टिकवरूनच कपाळाला कुंकू लावलेले, गळ्याशी वाळलेली झेंडूची माळ. खंडेनवमीला केंद्रातल्या सर्व अवजारांसोबत त्याचीही पूजा झाली होती.

लेकीने विचारले, "सर, पुतळा बाहेर काढायचा ना?"

केंद्राचे सामान सांभाळणारा भांडारपाल दाराशी उभा होता, तो हसला. "ताई, देवाला कुणी दाबतं व्हय?"

सगळे हसले. मग 'प्रात्यक्षिक पूर्ण केले' असे छापलेला कागद सह्यांसाठी फिरला. लेकीने तो कोराच पुढे सरकवला.

केंद्रप्रमुख उठून तिच्या बाकापाशी आले. "सही नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर गाडी नाही. घरून शिकवून पाठवलेलं दिसतंय."

"होय," मी मागून म्हणालो. "मीच शिकवले आहे."

मेहुण्याला त्या संध्याकाळी सारा प्रकार सांगितला. लेकीचा जुना अर्जही सांगितला. उजळणीनंतर छाती दाबण्याचे कसब हातातून किती दिवसांत उतरते, हे तिला सहकाऱ्यांना पुन्हापुन्हा पुतळ्यावर तपासून पाहायचे होते. उत्तर आले होते : संशोधन आपल्या कर्तव्याच्या कक्षेत येत नाही.

मेहुणा गोठ्याकडे हात करून म्हणाला, "दाजी, आमच्या देवणी बैलाच्या वशिंडावर लोकं अभ्यास करायलेत. माणसाच्या छातीवर करायला बंदी हाय काय?"

लेकीला गाडीवरून काढून फोनच्या टेबलावर बसवण्यात आले. कुठे अपघात झाला ते ऐकायचे आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचे. घरी मी लेखणी काढताच ती म्हणाली, "बाबा, पत्र लिहून फोनचीही जागा घालवू नका माझी."

"मग सही करतेस?"

"न्हाई."

"मग मी लिहितो."

केंद्राच्या वरच्या कार्यालयाला पत्रे लिहिली, स्मरणपत्रे लिहिली. पोच मिळाली, उत्तर नाही. शेवटी लातूर गाठून थेट भांडारपालापुढे उभा राहिलो. भांडायच्याच तयारीने गेलो होतो. त्याने दार लोटून घेतले, चहा सांगितला आणि आवाज उतरवून म्हणाला, "साहेब, पुतळा माझ्या नावावर हाय. आतली स्प्रिंग मोडली की वसुली माझ्या पगारातून. कुंकू कशाला लावलं म्हणता? एकदा कुंकू लागलं की कुणी हात लावीत न्हाई."

माझा राग शमला नाही. त्याचा पत्ता तेवढा बदलला. भीतीने कुलूप लावणाऱ्यापेक्षा ती भीती घालून ठेवणारे कार्यालय मला अधिक दोषी वाटते. तेथेच बसून मी मसुदा केला : सरावासाठी घेतलेली वस्तू सरावाने झिजणे हा तिचा उपयोग आहे, नुकसान नव्हे. तेव्हा पुतळ्यास हात लावू नये असा लेखी आदेश द्यावा, अथवा झिजेची वसुली होणार नाही असे लेखी कळवावे. खाली भांडारपालाने सही केली.

पहिला आदेश लिहायची कुणाची तयारी नव्हती. म्हणून दुसरा आला.

पुढच्या उजळणीत पुतळा जमिनीवर निजवला गेला. प्लास्टिक निघाले, कुंकूही त्यासोबत गेले. लेकीने घाम येईपर्यंत छाती दाबली, उठली, आणि मगच सही केली. तिची गाडी तिला परत मिळाली.

अभ्यासाची परवानगी अद्याप नाही. कोणत्या नियमान्वये नाही, ते लेखी द्या, असे माझे पत्र त्यांच्याकडे पडून आहे. दरम्यान पुतळा आता आळीपाळीने तालुक्यांत फिरतो. तो अर्धापूरला आला की लेकीचे सहकारी सुट्टीच्या दिवशी दाबायला येतात, आणि ती पाहून टिपून ठेवते. सुट्टीत सहकाऱ्यांकडे पाहण्यास परवानगी लागते, असा नियम मला तरी सापडलेला नाही. सापडल्यास त्यालाही आव्हान देईन.

परवा भांडारपालाचा फोन आला. "साहेब, मोडली! स्प्रिंग मोडली!"

"कशाने?"

"दाबून दाबून!"

"मग तसेच लिहा," मी म्हणालो, "आणि खाली नवी मागा."