सोनीबाईचं नख

आशागडची सोनीबाई तीस वर्षं अमृतशेठच्या चिकूवाडीत राबली. फळ उतरवायचं, धुवायचं, निवडायचं, गवत घालून करंडी भरायची, आणि बाजारातून तक्रार आली की शेठची बोलणीही तिनेच खायची. तिचं हत्यार एकच, अंगठ्याचं नख. एखाद्या फळावर हलकेच ओरखडा काढायचा. आत हिरवं दिसलं की ते झाड आणखी आठ दिवस सोडायचं, पिवळसर दिसलं की जाळीची काठी लावायची. मुलासाठी मुलगी बघायलाही सोनीबाईलाच न्यायला हवं, असं शेठ गमतीने म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी शेठने वाडीतल्या कामाचे तुकडे पाडले. उतरवणं एका ठेकेदाराला, धुणं-निवडणं दुसऱ्याला, खोकी भरणं तिसऱ्याला, गाडी चौथ्याची. आता सगळ्या धंद्यांत हेच चाललंय, असं त्याने तिला समजावलं. वीज बनवणारा वेगळा, घरापर्यंत आणणारा वेगळा. दवाखान्यात खाट एकाची, रक्त तपासणारा दुसरा, जेवण देणारा तिसराच. सोनीबाईने मान हलवली. शेठ बोलतो म्हणजे काहीतरी असेलच. तिच्या वाट्याला निवडणं आलं, तलासरीच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये. मोठं एकीकडे, मध्यम दुसरीकडे, बारीक खालच्या पाटीत. झाड डोळ्यांनाही दिसायचं नाही.

उतरवणाऱ्यांना घाई. हाताला लागेल ते पाडत. शेडमध्ये कोवळी फळं येऊ लागली. ती पिकत नाहीत, नुसती सुरकुततात, आणि घेणारा शिव्या घालतो. सोनीबाईला ते बघवेना. नख आपोआप चालायचं. पण ओरखडा पडलेलं फळ खोक्यात चालत नाही. मुकादम प्रविण माणूस वाईट नव्हता, त्याने दोनदा समज दिली. तिसऱ्या वेळी त्याने ओरखडे पडलेल्या फळांनी भरलेली पाटीच तिच्यापुढे ठेवली.

"मावशी, कच्चं-पक्कं बघणं आपलं काम नाय. आपण फक्त साइज बघायची."

"मंग ता कोण बघंल?"

प्रविणने खरोखर विचार केला. उतरवणारे म्हणत शेडवाले बघतील, खोकीवाले म्हणत निवडून आलंय.

"कोणीच नाय," तो म्हणाला. "पन तू उद्यापासून येऊ नको."

ती तडक शेठकडे गेली. शेठला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण तो म्हणाला की आता तिला कामावर ठेवणारा तो नव्हेच, मग काढणं थांबवणार कसं? त्याने ठेकेदाराला फोन लावून दिला. ठेकेदार म्हणाला, बाया पुरवणारा माणूस दुसराच आहे. त्या दुसऱ्याच्या यादीत सोनीबाई हे नावच नव्हतं. 'निवडणारी बाई, एक' एवढंच होतं, आणि त्या जागेवर उद्यासाठी बाई सांगून झाली होती.

शेठशी ती तीस वर्षांत कितीदा तरी कडाकडा भांडली होती, आणि दुसऱ्या दिवशी कामाला आली होती. आज तो फोन परत घेऊन मान खाली घालून बसला. सोनीबाई वाडीच्या फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. तिला भांडायचं होतं, आणि भांडायला कोणी उरलं नव्हतं.