हा परवाना या संगणकास लागू नाही

माझी नजर कडांकडून गेली. काचबिंदू असाच आत सरकत येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आधी वर्गाच्या दोन्ही भिंती गेल्या, मग भिंतीकडच्या बाकांवरची पोरं गेली, आणि शेवटी नळीतून बघावं तसा फळ्याचा मधला तुकडा तेवढा उरला. मी मानवतच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. नकाशावर माझं बोट कुठं पडलंय हे पोरं मला सांगायला लागली, तेव्हा मी नोकरी सोडली. वर्षभरात तोही तुकडा गेला. आम्ही परभणीला राहायला आलो. मुलगी त्या वर्षी पहिलीत होती.

आंधळेपणाची सवय होते. मला भीती वाटली ती नंतर, एका साध्या गोष्टीची. बायको कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "ही पोपटी साडी आता इरली, पुसायलाच घेते." मी पोपटी रंग आठवायला गेलो. शब्द होता, रंग येईना. झरी गावात आमच्या शेताच्या बांधावर पोपटांचे थवे बघत मी लहानाचा मोठा झालो, आणि मला पोपट दिसेना. त्या दिवशी मी जेवलो नाही.

म्हणून मी लिहायचं ठरवलं. दिसलेलं सगळं जातंय, तर जायच्या आत शब्दांत तरी धरून ठेवावं. अंधांसाठी भरलेल्या एका शिबिरात मी कीबोर्ड शिकलो. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी एका सॉफ्टवेअरचं नाव सुचवलं. पुण्यातल्या दोघा मित्रांनी मिळून बनवलेलं. त्यात मराठी टाईप करायचं आणि ते टाईप केलेलं वाचून दाखवायचं. मराठी बोलणारं दुसरं काही तेव्हा माझ्या ऐकण्यात नव्हतं. सीडी पोस्टानं आली. पहिल्यांदा सुरू करताना ते सॉफ्टवेअर काही आकडे वाचून दाखवायचं, ते आकडे आपण पुण्याला फोन करून सांगायचे, तिकडून दुसरे आकडे मिळायचे, ते भरले की परवाना चालू. परवाना त्या एका संगणकाला बांधलेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्याकडं संगणक एकच होता.

आवाज पुरुषाचा होता. सपाट, एका पट्टीतला, जोडाक्षराशी जरा अडखळणारा. बायको त्याला पुणेकर म्हणायची. सकाळी चहा ठेवताना विचारायची, "उठले का तुमचे पुणेकर?"

पुणेकरांसोबत मी बरीच वर्षं लिहिलं. मानवतला जिनिंगच्या बाहेर लागलेल्या कापसाच्या गाड्या आणि बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेला कापूस. पिंगळी स्टेशनावर भर उन्हाळ्यात रुळांवर हलणारी हवा. उन्हानं भेगाळलेलं आमचं काळं रान, आणि त्या भेगेत मी घातलेला माझा हात. सगळ्यात जास्त मुलीबद्दल लिहिलं. कपाळ, भुवया, रागावल्यावर खालचा ओठ कसा पुढं येतो, डाव्या कानामागचा तीळ. तो चेहरा विरायला लागला असं वाटलं की मी ती फाईल उघडायचो. पुणेकर वाचायचे आणि ती पुन्हा पुढं येऊन उभी राहायची, रिबिनी बांधलेली, पहिलीतली.

एका उन्हाळ्यात लाईट गेली आणि येताना जास्त दाबानं आली. आमचा पंखा जळाला, शेजाऱ्यांचा फ्रिज जळाला, आणि माझा संगणक.

बसस्टँडजवळ संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. माझ्याच वयाचे, आधी रेडिओ दुरुस्त करायचे. ते घरी आले, खोललं, हुंगलं आणि म्हणाले, "गुरुजी, मदरबोर्ड जळाला. डाटा सही-सलामत हाय, फिकीर करू नका. दुसरा बोर्ड टाकतो."

त्यांनी टाकला. संगणक सुरू झाला, पंख्याचा घुर्र आवाज आला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचा हातच धरला. मग पुणेकर बोलले.

"हा परवाना या संगणकास लागू नाही. कृपया निर्मात्याशी संपर्क साधा."

आवाज तोच, तसाच सपाट. मी बटण दाबलं. पुन्हा तेच वाक्य. फाईल उघडेना, छापून निघेना.

"बोर्ड बदलला म्हणून मशीन पराया समजायलंय ते," दुरुस्तीवाले म्हणाले. "कंपनीला फोन लावा, नवे आकडे देतील."

लावला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत म्हणाली.

दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले नाहीत. फाईली दुसऱ्या संगणकावर नेल्या. आता फुकटात मिळणारी बोलणारी सॉफ्टवेअरं आहेत, त्यातलं एक टाकून माझी मुलीची फाईल उघडली. ते वाचायला लागलं: "डॉलर, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, वाय, डॉलर." मी थोडा वेळ ऐकत बसलो. कुठंतरी मध्येच एखादा शब्द निघेल असं वाटत होतं. शेवटी त्यांनीच ते बंद केलं. नंतर नांदेडहून अगदी तसाच जुना बोर्ड शोधून आणला. पण कंपनी तीच असली तरी प्रत्येक बोर्डाचा आतला नंबर वेगळा असतो म्हणे. पुणेकर तेच बोलले.

शिबिरातल्या बाईंना मी फोन केला. त्यांनी कुणाकुणाला विचारून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दोघांपैकी एकाचा नंबर मिळवून दिला.

पलीकडून "हॅलो, कोण बोलतंय?" आलं. पुणेकर. थकलेला, दम लागणारा, पण तोच आवाज. त्यांनी स्वतःचाच आवाज त्यात भरला होता. मला ते कधीच माहीत नव्हतं.

मी नाव-गाव सांगितलं. सॉफ्टवेअरचं नाव घेतलं.

"तुम्ही अजून ते वापरताय?" त्यांना आनंद झाला होता. "परभणीत? अहो, आम्ही ते केव्हाच बंद केलं. चाललंच नाही हो."

मी अडचण सांगितली.

"परवान्याचे आकडे काढून देणारा प्रोग्राम माझ्या मित्राकडे असायचा," ते म्हणाले. "तो गेला. घरच्यांनी त्याची मशीनं भंगारात दिली. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

"दुसरी प्रत नाही कुठं?"

"चोरी होईल म्हणून आम्ही प्रतच ठेवायची नाही असं ठरवलं होतं. तेव्हा तीच एक भीती असायची."

"बरं, परवाना राहू द्या. नुसत्या फाईली उघडता येतील का?"

"फाईललाही त्याच आकड्यांचं कुलूप आहे." मग हळू आवाजात म्हणाले, "काय लिहिलं होतंत गुरुजी?"

"जे पाहिलं होतं ते," मी म्हणालो.

ते म्हणाले, "माफ करा." ज्या आवाजानं मला माझी मुलगी इतकी वर्षं वाचून दाखवली, तो समोर होता आणि त्याला त्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवला.

मी पुन्हा लिहून काढावं असं बायको म्हणाली. "मी सांगते की तुमाला. मला समदं आठवतंय."

"मग सांग, तेव्हा तिचा चेहरा कसा होता?"

"गोल. गाल लय भरलेले."

"गोल? मी तर लांबट लिहिला होता. हडकुळी होती ती."

"कुठं हडकुळी? पहिलीत असताना सगळे म्हणायचे, किती गुटगुटीत पोरगी हाय." मग ती सहज म्हणाली, "तवा तुमाला दिसतच कमी व्हतं की हो."

तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. खरंच, पहिलीतल्या मुलीला मी नळीतून पाहिलं होतं. एका वेळी एक डोळा, एक कान, अर्धा ओठ. पूर्ण चेहरा मी जोडला होता. कसा जोडला होता ते त्या फाईलीत होतं. आता मी बायकोचा गोल चेहरा आठवायला लागलो की माझा लांबट मोडतो, आणि लांबट आठवायला लागलो की तिचा गोल मध्ये येतो. होता होता दोन्ही गेले.

यंदा दिवाळीला मुलगी सासरहून आली. तिला आईनं सगळं सांगितलं असावं. दुपारी तिनं स्वतःचा लॅपटॉप काढला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. यातलं हरवणार नाही."

मी मानवतच्या गाड्यांपासून सुरुवात केली. तिची बोटं भराभर चालत होती. कापूस झाला. बाभळी झाल्या. बाभळीचं फूल पिवळं असतं असं मी सांगितलं, कारण ते मला माहीत आहे. दिसलं काही नाही.

"आता माझ्याबद्दल," ती म्हणाली. आवाज जरा लाजल्यासारखा होता.

"कपाळ," मी म्हणालो.

तिनं ते टाईप केलं आणि थांबली. बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर लावली. मी कपाळाच्या पुढं जायचा खूप प्रयत्न केला.

"कपाळ कसं, बाबा?"

"मोठं असेल," मी म्हणालो.

तिनं ते लिहिलं नसावं. बोटांचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला, आणि ती उठून आईला मदत करायला आत गेली.