फ्रेममधला निर्व्यसनी

नव्वदच्या दशकात मी सिंदेवाहीच्या शाळेत गणित शिकवायचो आणि हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीच्या, मंडपात रात्रभर चालणाऱ्या नाटकांत मरायचो. मरायच्या भूमिका माझ्याकडे आपोआप यायच्या, कारण मी वाळका होतो आणि मेल्यावर उचलायला सोपा होतो. त्या वर्षी मोठ्या भावाचं काम होतं. मी मरायचो, मग नाटकातली बहीण माझ्या छातीवर डोकं ठेवून रडायची, आणि रडून झालं की एक लांबलचक गाणं म्हणायची.

दिवसभर सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या छातीवर एवढं लांब गाणं म्हणू नये. दुसऱ्या कडव्याला मला खोकला आला. मी दाबला. बहिणीचं डोकं वर-खाली व्हायला लागलं, तरी बिचारी सुरात होती. शेवटी प्रेत उठून बसलं आणि मनसोक्त खोकलं.

"बाई, रडू नोको, जिता हाय तुहा भाऊ!" मंडपातून कुणी तरी ओरडलं. "पानी पाज त्याले!"

एका सज्जन गृहस्थानं खरंच तांब्या आणून दिला.

मंडळाचे मालक मी रंग पुसत असतानाच आले. म्हणाले, "मास्तर, बिडी सोडा, नाईतर मरनं सोडा."

मी बाणेदारपणे सांगितलं की मी बिडी ओढत नाही, सिगारेट ओढतो. आमच्याकडे हा फरक मोठा. उन्हाळ्यात निम्मा जिल्हा तेंदूपत्ता तोडतो, त्यामुळे बिडी म्हणजे घरचीच. शिकलेल्या माणसानं सिगारेट ओढायची असते. माझं बी.एस्सी. झालंय हे फुप्फुसांना मात्र कुणी कळवलं नव्हतं.

बायको पुढच्याच रांगेत होती. माझ्या खोकल्याची तिला इतकी सवय होती की तो थांबला तर तिला जाग यायची. पण नवरा मेला आणि अख्खं गाव हसलं, हे तिला लागलं. चंद्रपूरला व्यसन सोडवणारे एक डॉक्टर आहेत, असं तिच्या कानावर आलं होतं.

"मी आपला मनानंच सोडतो ना," मी म्हणालो.

"मनानं तुमी किती डाव सोडली, माह्या ध्यानात हाय," ती म्हणाली. "फुकटचं तुमाले लागत नाई. पैसे भरले का बरोबर लागंल."

दवाखाना जुन्या कोटाच्या भिंतीजवळ, एका माडीवर होता. पाटीवर लिहिलं होतं, 'सिगारेट, बिडी, खर्रा कायमचा सोडवा. खात्रीशीर इलाज.' खर्रा म्हणजे आमच्याकडची तंबाखू घालून घोटलेली सुपारी. रंगाखालून 'मूळव्याध' हा शब्द अजून दिसत होता. 'खात्रीशीर' मात्र जुनंच होतं, ते पुन्हा रंगवावं लागलं नव्हतं.

डॉक्टर गोड बोलायचे. सगळ्या बैठकांचे पैसे त्यांनी आधीच घेतले. "आगाऊ दिले की निश्चय पक्का होतो," ते म्हणाले. कुणाचा, हे विचारायचं राहून गेलं. मग त्यांनी माझ्या कानाला मोहरीएवढे दाणे चिकटपट्टीनं लावले. तल्लफ आली की कान दाबायचा. त्यानंतर हातात सिगारेट देऊन तिला तोंडावर सांगायला लावलं की तू माझी वैरीण आहेस. शाळेत मी पोरांना कान धरायला लावायचो. इथं पैसे भरून तेच करत होतो.

बाहेरच्या बाकावर एक चाचा भेटले. गाद्या-रजया पिंजायचं काम करायचे. अंगावर कापूस, कानाला दाणे. त्यांना खोकला होता आणि बिडीही होती, म्हणून पोरानं इथं नाव घातलं होतं. "बेटेनं पैसा भर दिया," ते म्हणाले, "अब आना तो पडताच."

आम्ही बरोबरच जिना उतरलो. खाली पानठेला होता. ठेलेवाल्यानं आमचे कान पाहिले आणि न विचारता माचिस पुढं केली. माडीवरचे पेशंट उतरल्यावर काय मागतात, हे त्याला पाठ असावं. चाचांनी बिडी पेटवली, मी वैरीण पेटवली, आणि दुसऱ्या हातानं दोघंही इमानदारीत कान दाबत उभे राहिलो.

शेवटच्या बैठकीला डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं. त्यावर माझा फोटो आणि 'संपूर्ण धूम्रपानमुक्त' हे शब्द. बरोबर आलेल्या बायकोनं बस पकडायच्या आधी बाजारात जाऊन ते फ्रेम करून घेतलं आणि घरी पुढच्या खोलीत, देवांच्या शेजारी टांगलं.

खरा इलाज इथून सुरू झाला. शेजारपाजारचे लोक मला बघायला यायला लागले. हेडमास्तरांनी पोरांसमोर माझं भाषण ठेवलं आणि मी इतकं चांगलं बोललो की मलाच भरून आलं. घरी जाताना नेहमीच्या ठेल्यावर थांबलो, तर ठेलेवाला म्हणाला, "मास्तर, तुमाले नाई देत. बाई सांगून गेल्या."

बाई गावातल्या सगळ्याच ठेल्यांवर सांगून गेल्या होत्या.

मग मी रविवारी बसनं मूल या गावी गेलो. परक्या गावात, बसस्टँडच्या मागं, चोरासारखी एक पेटवली. तेवढ्यात मागून आवाज आला, "काऊन सर, इथी काय करून राह्यले?"

आमच्याच शाळेतल्या एका पोराचा बाप होता. "माह्या पोरानं तुमचं भाषण आयकलं, अन् घरी येऊन माहा खर्रा नालीत फेकला," तो म्हणाला. "आठ दिवस झाले, डोकं ठनकून राह्यलं माह्यं. अन् तुमी?"

मी सिगारेट खाली टाकली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं, सिगारेट उचलली, फुंकर मारली आणि ओढायला लागला. आम्ही एकाच बसनं परत आलो.

त्यानंतर मी ओढली नाही. निश्चय वगैरे काही नव्हता. गावाला चुकवत ओढण्याएवढी ताकद उरली नव्हती, एवढंच. पुढचे दिवस वाईट गेले. भाजीत मीठ आहे म्हणून भांडलो, नाही म्हणून भांडलो. फुटाणे खाऊन पोट बिघडवून घेतलं. वर्गात खडू ओठाशी जायचा आणि पोरं हसायची. बायकोनं मात्र एकदाही टोमणा मारला नाही, त्याचाही राग यायचा. मग एका सकाळी शाळेत सायकलवर जाताना लक्षात आलं की छातीतून शिट्टी वाजत नाहीये. मी उतरून उगाच थोडा वेळ श्वास घेत उभा राहिलो. त्याचे पैसे पडले नाहीत.

थंडी सुरू झाली तेव्हा मी चाचांना निरोप धाडून रजया पिंजायला बोलावलं. अंगणात कापूस उडायला लागला आणि चाचा खोकायला लागले.

"सुटली नाही का?" मी विचारलं.

"बीडी तो कबकी छूट गयी, मास्टरसाब," ते म्हणाले. "खाँसी नहीं छूटती. डॉक्टर बोला, अब खाँसी का कोर्स करो."

बायको दारातून ऐकत होती. तिनं जुन्या लुगड्याचा एक पट्टा फाडला आणि त्यांना दिला. "चाचा, हे नाकाले बांधा. कापूस जाऊन राह्यला ना नाकातोंडात. याचे पैसे नाई लागत."

चाचांनी नाकावर पट्टा बांधून संध्याकाळपर्यंत काम केलं. मग चहा झाला. कप खाली ठेवल्यावर आम्ही दोघांनीही सवयीनं खिसे चाचपले, आणि एकमेकांकडं न बघता उठून रजयांच्या घड्या घालायला लागलो.