बाबांनी हार घातला, पोहे मी करायचे

मंडळी, दुपारी जानेफळच्या सभेतून बाबांना घरी आणलं, तेव्हापासून डोकं तापलंय.

महाराष्ट्र झाला तेव्हापासून आमच्या घरावर एकाच पक्षाचा झेंडा आहे. नेत्यांना बाबा रोज शिव्या घालतात. ‘नेते चोर हायेत, पन पक्ष आपला हाये,’ हे त्यांचं ठरलेलं.

तरुणपणी मला पाहायला एक मुलगा आला होता. मला आवडलाही होता. त्याच्या हातात पोह्यांची बशी असताना बाबांना कळलं, की त्याचं घर विरोधी पक्षाचं. बाबांनी त्याला भरल्या बशीवरून उठवलं. पुढे मला पक्षातल्याच घरी दिलं. नवऱ्याने मारून हाकललं, तेव्हा पक्षातलं कुत्रंही फिरकलं नाही.

आज तोच बशीवरून उठवलेला माणूस, केस पिकवून, आमच्या पक्षात आला आणि थेट तालुकाध्यक्ष झाला. सगळ्यात जुने कार्यकर्ते म्हणून त्याला हार बाबांनीच घातला.

घरी येताच म्हणाले, ‘नेत्यायनं पक्षाचं वाटोळं केलं. पन हा पोट्टा चांगला हाये वं. उद्या घरी बलावलं म्या त्याले. पोहे तूच कर.’

करते. फक्त तुम्ही सांगा, मीठ किती घालू?