हल्याच्या गळ्यातलं माझं घड्याळ

आधी कप खाली ठेवा. खरंच ठेवा! मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एका भाऊंच्या नाकातून चहा आला होता, आणि नंतर त्यांनी दोष मलाच दिला. माणसानं वेंधळेपणा करावा, पण किती? मी केला तो अख्ख्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, शंभरेक माणसांसमोर.

मी कृषी सहायक. म्हणजे स्कूटीवर बसून आरमोरीच्या आसपासच्या पाच-सहा गावांचे बांध तुडवायचे आणि ज्यांनी जन्मभर धान पिकवलं त्यांना धान कसं पिकवायचं ते सांगायचं. नवरा, म्हणजे दिलीप, सूरजागडच्या बाजूला खाणीवर नोकरीला. पंधरा दिवसांतून एकदा घरी. लेक आर्या तिसरीत. घरात मोठं माणूस एकच, ते म्हणजे मी, आणि तेही दिवसभर बाहेर!

म्हणून दिलीपनं मला वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं. साधंसुधं नाही, सिमवालं. मोबाईल जवळ नसला तरी फोन थेट मनगटावर. ठोके मोजतं, पावलं मोजतं, मी कुठे आहे ते दिलीपच्या मोबाईलवर दाखवतं. आणि मी कुठे जोरात पडले, तर दोन जणांना आपोआप मेसेज करतं.

"मी कशाला पडते?" मी म्हटलं.

"राहू दे ना," दिलीप म्हणाला. "तू तं सपाट रस्त्यावर बी पडते."

त्या दोन जणांत एक दिलीप, आणि दुसऱ्या आर्याच्या वर्गाच्या मॅडम. बाकी कोणाचा नंबर मला पाठच नव्हता.

आठ दिवसांत मी त्या घड्याळाची गुलाम झाले. सहाला थरथर, डबा. सव्वासातला थरथर, वेणी. आठला थरथर, व्हॅन. मध्येच थरथर, पाणी प्या. एकदा तर नुसतंच थरथरलं, आणि मी सवयीनं उठून गॅस बंद करून आले. वर भात अर्धा कच्चा होता! फोन मनगटावरच येतो म्हटल्यावर मोबाईल मी कायमचा मुका करून स्कूटीच्या डिक्कीत टाकून दिला. डोकंही तिथेच ठेवलं असावं.

वरून आमच्या दोघांची पावलांची पैज. पंधरा दिवसांत ज्याची पावलं कमी, त्यानं सुट्टीच्या दिवशी सगळी भांडी घासायची. आता तो खाणीवर दिवसभर पायी, आणि मी स्कूटीवर. तीन वेळा मीच घासली.

असो. खरी गोष्ट गॅदरिंगची.

आर्याचा नाच होता. पहिलीतल्या गॅदरिंगला मी पोचले तेव्हा मांडववाला खुर्च्या एकावर एक रचत होता. दुसरीत पोचले तेव्हा पडदा पडत होता आणि पडद्याखाली मला तिचे फक्त पाय दिसले. तेही तिचेच होते की शेजारणीचे, कोण जाणे. या वर्षी तिनं मला समोर बसवून बजावलं.

"साडेबाराले आहे. पयल्या रांगेत बसशील. मी तुले पाहून नाचीन."

"नक्की," मी म्हटलं.

"तू मागच्या वेळी बी नक्कीच म्हणली होती."

लगेच घड्याळात लावलं, साडेअकरा, "निघ!" उद्गारचिन्हासकट.

त्या दिवशी सकाळी नेमकं उन्हाळी धानाच्या रोवणीचं, म्हणजे लावणीचं, प्रात्यक्षिक. दोरी धरून पट्ट्यांत रोवणी कशी करायची ते बायांना दाखवायचं होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून त्या दिवसाच्या गप्पा मारतात. शेत नामदेवभाऊंचं. सगळ्या गावात ट्रॅक्टरनं चिखल होतो, यांचा मात्र अजून हल्यांच्या जोडीनं. हल्या म्हणजे रेडा. आणि यांचा थोरला हल्या म्हणजे चालता ट्रॅक्टरच, नाव गंगाराम.

मी बांधावर उभी राहून भाषण सुरू केलं. बाया कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. शेवटी एक म्हणाली, "बोलून काय होते मॅडम? चिखलात उतरून दाखवा!"

आता सरकारी माणसाला असं आव्हान? मी अंगावर नामदेवभाऊंचा जुना शर्ट चढवला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला, सलवार वर खोचली आणि घड्याळ काढलं. चिखलात कशाला घालवा? ठेवू कुठे म्हणून इकडंतिकडं पाहते, तर समोर गंगाराम! चिखलात गोल गोल, गोल गोल. न थांबता!

माझ्या डोक्यात वीज चमकली. भांडी!

"नामदेवभाऊ, हे याच्या गळ्यातल्या दोराला बांधता का जरा?"

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काऊन जी मॅडम? हल्याले टाइम पाह्याचा हाय का?"

"नवीन योजना आहे," मी ठोकून दिलं. योजना म्हटलं की आमच्याकडे कोणी पुढचं विचारत नाही. त्यांनी घट्ट बांधून दिलं.

मी चिखलात उतरले. दोनदा बसकण मारली, एकदा तोंडावर पडले. घड्याळ हातात असतं तर तेव्हाच मेसेज गेला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती! पण पट्टा झकास झाला. बायांनी मान डोलावली, बांधावर चहा आला, गप्पा रंगल्या. मी अगदी निवांत. वेळ झाली की थरथरेल ना!

तिकडे चिखलाचं काम उरकून नामदेवभाऊंनी जोडी सोडली. सुटलेला हल्या कुठे जातो? आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. सरळ तलावात! मलाच तेवढं सुचलं नाही. गंगारामनं पाळीवरून धावत येऊन पाण्यात जी उडी घेतली, ती माझ्या घड्याळानं चोख नोंदवली आणि दोन मेसेज सोडले. "जोरात पडल्याचे आढळले. प्रतिसाद नाही." सोबत नकाशा. नकाशावर ठिपका कुठे? तलावाच्या मध्यभागी!

दिलीपनं खाणीवर तो मेसेज वाचला. ॲप उघडलं. ठोक्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा. हल्याच्या कातड्यातून त्या बिचाऱ्याला ठोके कुठून मिळणार? त्यानं फोन लावला. पडद्यावर पाणी उडून तो आपोआप उचलला गेला असावा. पलीकडून त्याला काय ऐकू आलं? "फुर्रर्र... फुस्स्स... बुडबुडबुड."

बायकोचा शेवटचा श्वास, दुसरं काय! त्यानं माझ्या ऑफिसातून गावच्या सरपंचबाईंचा नंबर मिळवला. सरपंचबाईंनी अख्खं गाव उठवलं.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी बिस्किट खात होते.

बांधावरून माणसं धावताना दिसली. कोणाच्या हातात दोर, कोणाच्या खांद्यावर जाळं.

"काऊन धावून राह्यले जी?" बायांनी विचारलं.

"तलावात कोन बाई पडली म्हन्ते!"

बिस्किट टाकलं आणि मीही धावले. आपण सरकारी माणूस, संकटात मागे राहून कसं चालेल? पाळीवर नुसता गोंधळ. मी सूत्रं हातात घेतली. "ए, गर्दी करू नका! भाऊ, डोंगा काढा! जाळं त्या बाजूनं लावा! लहान पोरांना मागे घ्या!" आणि लोक ऐकतही होते. मी स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरले, शेवाळात हात घालून चाचपडू लागले. मी मनातल्या मनात मार्कंडादेवाला हात जोडले, बाई कोणाची का असेना, जिवंत सापडू दे.

काठावर सरपंचबाई फोन हातात धरून घामाघूम. त्या मला ओळखतात हं, पण हेल्मेट आणि ओळखपत्रवाली मॅडम म्हणून. इथे पुरुषी शर्टातलं, डोळे सोडून सगळीकडे चिखल असलेलं ध्यान उभं होतं.

"घरच्यांना कळवलं का?" मी पाण्यातून ओरडले.

"घरच्याइचाच फोन आला ना व माय! नवरा तिकडं खानीवर, लेकरू शाळेत, अन् बाई एकटी वावरायनं फिरत होती म्हन्ते."

आता पुढचं वाक्य मी का बोलले? पण बोलले. "काय बाई तरी! घरी लहान लेकरू असताना तळ्याकाठी कशाला मरायला जायचं? जरा म्हणून जबाबदारी नाही!"

"हाव ना," सगळ्या बाया म्हणाल्या.

"नाव काय तिचं?"

"सुषमा म्हन्ते."

"अय्या! माझंही नाव सुषमाच!"

"कृषी सहायक हाय म्हन्ते."

"अरे देवा, म्हणजे आमच्याच खात्यातली! कोण असेल बरं?" मी काळजीनं म्हटलं.

हसू नका! माणूस घाईत स्वतःचा विचार करत नाही. चहा पाजणाऱ्या बाया मात्र माझ्याकडे पाहू लागल्या. सरपंचबाई चष्मा पुसून पाहू लागल्या. आणि तेवढ्यात, तलावाच्या मध्यातून, गाणं वाजलं. माझ्या घड्याळावर येणाऱ्या फोनचं.

पाण्यातून एक काळंभोर डोकं वर आलं. गळ्याखाली उजेड लागलेला. गंगारामनं मान झटकली, गाणं थांबलं आणि त्याच्या गळ्यातून दिलीपचा रडवेला आवाज आला. "सुषमा! बोल ना व! मी भांडी घासतो जन्मभर, पन तू बोल!"

"बाप्पा रे! हल्या बोलून राह्यला!" म्हणून डोंग्यातल्या भाऊंनी वल्हं टाकून दिलं. दोघं-तिघं तर हात जोडून उभे राहिले.

नामदेवभाऊ तेवढे शांत होते. "काई नोहोय," ते म्हणाले. "योजना हाय थे."

मी गळ्याइतक्या पाण्यात जाऊन गंगारामच्या मानेशी तोंड नेलं. तुम्ही कधी रेड्याच्या गळ्यात पडून नवऱ्याशी बोललात? मी बोलले.

"अहो, मी आहे. बरी आहे."

"तू कुठी आहेस?"

"तलावात."

"काऊन?"

"मला शोधायला."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाला, "तुले समजते का, मी इथी काय काय विचार करून राह्यलो होतो?" मला एवढी लाज वाटली की काय सांगू! त्या पाण्यात मला खरंच रडू आलं. चिखलामुळे कोणाला दिसलं नाही, एवढंच.

डोळे पुसून घड्याळ सोडवलं आणि पडद्यावर पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. "निघ!" कधीचंच वाजून गेलं होतं. गंगारामनं ऐकलं असेल.

गॅदरिंग!

कपडे बदलायला वेळ कुठला? आहे तशी स्कूटीवर बसले. शेतांमधला रस्ता, दहा किलोमीटर. अंगावर चिखल वाळत होता आणि खड्डा आला की त्याचे पोपडे उडत होते. शाळेच्या फाटकात चौकीदारानं अडवलं. "ओ बाई, काम मागाले उद्या या." मी त्याला ढकलून आत शिरले.

आत वेगळंच नाट्य. वर्गाच्या मॅडमनी तो मेसेज माईकसमोर उभं राहून मोठ्यांदा वाचला होता, माईक सुरू आहे हे न पाहता! सगळा मांडव हळहळत होता. कार्यक्रम थांबवलेला. आर्याला मॅडमनी सांगितलं होतं, आई सुखरूप आहे, येतेच आहे. सरपंचबाईंचा फोन नुकताच पोचला होता म्हणून बरं. मी दिसताच मॅडम माईकवरून ओरडल्या, "आल्या! आर्याच्या आई आल्या!" लोक उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट! मला पहिल्या रांगेत नेलं, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी, सोफ्यावर. पाहुण्यांनी पांढरं धोतर आवरून घेतलं.

तिसरं वर्ष, आणि मी वेळेवर! पहिल्या रांगेत! पडदा उघडला. मधोमध माझी आर्या, लाल लुगडं, नथ, गालावर लाली. मला हुंदका आवरेना. मी दोन्ही हात हलवले. केसांतलं शेवाळ पाहुण्यांच्या मांडीवर पडलं.

मॅडमनी आर्याच्या तोंडापुढे माईक धरला. "आर्या, ते बघ, समोर कोण बसलंय? तुझी आई!"

आर्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. शर्ट, चिखल, शेवाळ. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ठणकावून म्हणाली,

"थे नाई माझी आई. माझी आई इतक्या लवकर नाई येत."