गफूर मिस्त्री आणि आमची प्लगवाली गाडी

गफूर मिस्त्री कुणासाठी गाडी बघायला निघाले की आधी त्या माणसाच्या घरी जायचे. गाडी शोरूममध्ये असो की जुन्या मालकाच्या दारात, तिचा नंबर नंतर. आधी गल्ली, फाटक, अंगण, घरातली म्हातारी माणसं, त्यांचे गुडघे, लेकरं किती आणि त्यातल्या कुणाला गाडी लागते, हे सगळं त्यांना बघायचं असे. "गाडी रस्त्यावर कमी अन् घरीच जास्त उभी रायते, सर," असं ते म्हणायचे, आणि चहात चौथा चमचा साखर टाकायचे.

अकोल्यात त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि शेडसमोर एक लांब बाक. त्या बाकावर गाडी दुरुस्तीला आणलेल्यांपेक्षा सल्ला विचारायला आलेलेच जास्त बसलेले असत. आमच्याकडे गाडी घ्यायची म्हणजे मिस्त्री सोबत न्यावाच लागतो. मुलगी बघायला जाताना मामाला नेतात तसा. मिस्त्रीनं मान हलवली नाही तर लोक शोरूममधून चहा पिऊन परत येतात. दर्यापूरच्या एका कापड दुकानदारानं भलीमोठी गाडी पक्की केली होती. मिस्त्री त्याच्या बोळात जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "गाडी आत येईन शेठ, पन तुमी बाहेर कसे निंगसान? दार तं उघडतच नाही." दुकानदार महिनाभर रुसला आणि मग मुकाट्यानं लहान गाडी घेऊन आला.

कुठल्याही गाडीला त्यांनी नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत. "गाडी खराब नसते, जोडी चुकते," एवढंच ते म्हणत. माझ्या वडिलांची स्कूटर, मग आमची पहिली जुनी मोटार, मग दुसरी, सगळ्या जोड्या त्यांनीच जुळवल्या होत्या. वडील गेल्यावरही सणावाराला ते यायचे, दारातून "भाभी, तब्येत बरी ना?" असं विचारायचे. आई त्यांना भाऊ म्हणायची आणि माझ्या तक्रारी त्यांच्याकडे करायची.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मोठी गाडी घ्यायचं ठरवलं ते आईसाठी. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, अमरावतीला असते. दोघी महिन्यातून एकदा भेटायच्याच. पण आईचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना, आणि आमची जुनी मोटार इतकी बुटकी की आत बसलेली आई बाहेर काढायला दोघं लागायचे. जरा उंच, ऐसपैस एसयूव्ही घ्यावी आणि आईनं सुखानं मावशीकडे जावं, एवढंच कारण होतं. हे कारण मी चार आठवड्यांत कसा विसरलो, ते सांगताना आजही मान वर होत नाही.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक साधी पेट्रोलची. दुसरी प्लग-इन हायब्रीड, म्हणजे घरी फोनसारखी प्लग लावून चार्ज करायची, पहिले पन्नासेक किलोमीटर बॅटरीवर चालवायची आणि पुढे पेट्रोलवर. माझं कॉलेज मूर्तिजापूरला. घरून निघालो की कॉलेजच्या फाटकापर्यंत पेट्रोलचा थेंब लागणार नाही, हे मी कागदावर मांडून दाखवायचो. पुण्याहून आलेला माझा मेहुणा तर पेट्रोलच्या गाडीकडे बघायलाही तयार नव्हता. "भावजी, तुमच्या अख्ख्या जिल्ह्यात ही कुणाकडे नसेल," तो म्हणाला. खरं सांगतो, बॅटरी, मायलेज, पर्यावरण हे सगळं मी नंतर बोलायला शिकलो. मला भुलवलं ते या वाक्यानं.

मिस्त्री रिवाजाप्रमाणे घरी आले. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गाड्या खाली खांबांमध्ये. त्यांनी आमची जागा पाहिली, मग जिन्याखालची मीटरची पेटी पाहिली, मग वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. "प्लग कुठी लावसान, सर?"

"सोसायटीला सांगून पॉइंट घेऊ."

"सोसायटीनं हो म्हटलं काय?"

"म्हणेल."

मिस्त्री जिना चढायला लागले. वर येऊन त्यांनी आईला खुर्चीतून उठवलं. बाल्कनीत कुंड्यांखाली विटा होत्या, त्या काढून एकीवर एक ठेवल्या. "भाभी, चढून पाहा." दोन विटांवर आई सहज चढली. तिसरी ठेवल्यावर तिनं त्यांचा खांदा धरला आणि "या अल्ला" म्हणाली, त्यांना चिडवायला. दोघंही हसले. मिस्त्रींनी खिशातून सुतळी काढली, तीन विटांची उंची मोजून तिथं गाठ मारली आणि खिशात ठेवली. मेहुणा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता, आणि मीही त्याच्याकडे बघून हसलो.

शोरूम अमरावतीला. आम्ही तिघं जुन्या मोटारीनं गेलो. मिस्त्रींनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, पण नखांतलं काळं काही निघत नाही. काचेसारख्या फरशीवर ते गुडघे टेकून बसले आणि गाडीच्या दाराखाली सुतळी धरली. टाय लावलेला विक्रेता आधी गोंधळला, मग तोंडावर हात ठेवून हसला. दुसरा एक ग्राहक वळून बघायला लागला. मला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. पेट्रोलच्या गाडीत गाठ दाराच्या उंबऱ्याला लागली. प्लगवालीत उंबरा गाठीच्याही वीतभर वर राहिला.

"सर, हे भाभीले जमनार नाही," ते बसल्या बसल्याच म्हणाले. "अन् प्लगचं तुमचं ठिकान नाही. चार्ज नाही केली तं बॅटरीचं ओझं घेऊन पेट्रोलच जाळसान. पेट्रोलवाली घ्या."

"बाजूला पायरी बसवून मिळते, सर," विक्रेता म्हणाला. मेहुणा इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. आणि मी, पंचवीस वर्षं मुलांना शिकवणारा माणूस, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो, "मिस्त्री, ही गाडी तुमच्या शेडमध्ये दुरुस्त होत नाही, म्हणून तुम्हाला नको आहे. सरळ सांगा ना."

मिस्त्री उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, हळू. सुतळी बोटांभोवती गुंडाळून त्यांनी खिशात ठेवली. "तसं असंन, सर. तुमी पाहा," ते म्हणाले. मग म्हणाले, "मले इथी जरा काम हाय. मी येतो एसटीनं." त्यांना अमरावतीत काही काम नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

नवी गाडी, मग ती पेट्रोलची असली तरी, पाच वर्षं कंपनीच्याच सर्व्हिसला जाते. दोन्हींतली कुठलीही गाडी घेतली असती तरी मिस्त्रींच्या शेडमध्ये ती येणारच नव्हती. त्यांचा त्यात काडीचा फायदा नव्हता. एवढी साधी गोष्ट मला परतीच्या वाटेवर सुचली, बडनेऱ्याच्या पुलावर. तोवर बुकिंग झालं होतं.

गाडी आली, पेढे वाटले, फोटो निघाले. सोसायटीनं पॉइंटचं आधी मीटिंगमध्ये घेऊ म्हटलं, मग एकानं आगीची भीती घातली आणि विषय संपला. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून पाहिली, तर वॉचमननंच ती गुंडाळून परत आणून दिली. आमची प्लगवाली गाडी त्या दिवसापासून पेट्रोलवरच मूर्तिजापूरला जाते. आणि आई? पायरी बसवली होती, पण ती इतकी अरुंद की आईचं पाऊल निम्मं बाहेर राहायचं. पहिल्याच दिवशी ती घसरली, नडगी सोलली. दुसऱ्यांदा मी आणि बायकोनं तिला उचलून बसवलं, सगळी सोसायटी बघत होती. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मले त्या माळ्यावर नको चढवू बापा. फोनवर बोलतो मी तिच्याशी." त्यानंतर दोघी बहिणी फोनवरच बोलतात.

चार-पाच महिन्यांनी मिस्त्री बाजारात भेटले. मी टाळणार होतो, पण त्यांनीच रस्ता ओलांडला. त्या दिवसाचा राग म्हणून चेहऱ्यावर काही नव्हतं. "गाडी कशी हाय, सर? भाभी बसते ना आरामात?"

"एकदम आरामात," मी म्हणालो. कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. एकदा निघाल्यावर मग थांबलंही नाही. "चार्जिंगचा पॉइंटही मिळाला. दोनदा अमरावतीला जाऊन आली आई."

त्यांचा चेहरा उजळला. माणूस आपण खोटे ठरलो म्हणून इतका खूश होतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "चला, मंग मीच चुकलो," ते म्हणाले. "बरं झालं चुकलो. मले भाभीची लय फिकर होती." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पुढच्या वर्षी कॉलेजातले एक सहकारी स्टाफरूममध्ये सांगत होते. त्यांना गाडी घ्यायची होती म्हणून ते गफूर मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी चहा पाजला, पण घरी यायला नाही म्हणाले. "म्हणे, आता मले नका इचारू. नव्या गाड्यायचं मले समजत नाही. सरायच्या वक्ती मी चुकलो होतो." सहकारी कौतुकानं माझ्याकडे बघत होते. "तुमचं फार नाव घेत होते, सर."

संध्याकाळी मी शेडवर गेलो, खरं सांगायला. बाकावर कोणी नव्हतं. मिस्त्री आत एका जुन्या जीपखाली होते, त्यांचे पाय तेवढे दिसत होते. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि त्यांनी बाहेर यायच्या आत निघून आलो. माझ्यापाशी कारण तयार होतं: माणूस कामात आहे.

गेल्या उन्हाळ्यात शेड बंद झाली. बऱ्हाणपूरला लेकीकडे जायचं ठरलं होतं त्यांचं. निरोपाला मोहल्ल्यातली, बाजारातली पंधरा-वीस माणसं जमली होती. मीही गेलो, या वेळी बोलायचंच असं ठरवून. त्यांनी मला बाकावर जवळ बसवून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "गाडी बराबर ना, सर?" वीस चेहरे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "बराबर." तेव्हा ते जमलेल्यांना म्हणाले, "आता गाडीचं काही इचारायचं असंन तं सरायले इचारा. त्यायले समजते."

आणि लोक येतात हो. खरंच येतात. गेल्या रविवारी एक तरुण जोडपं आलं, सोबत नवऱ्याचे थकलेले वडील. पेट्रोल घ्यावी की प्लगवाली? गफूर मिस्त्रींनी तुमचं नाव सांगितलं होतं, म्हणाले. आतल्या खोलीत आई फोनवर मावशीशी बोलत होती, तिचा आवाज बाहेर येत होता. मी त्यांना म्हटलं, मला यातलं काहीही कळत नाही, आणि मिस्त्रींचा बऱ्हाणपूरचा नंबर लिहून दिला. तो नंबर माझ्या फोनमध्ये वर्षभरापासून आहे. मी स्वतः तो अजून एकदाही लावलेला नाही.